तळ्याकाठच्या जुन्या उद्यानाचा काठ: आधी वाचायचा कसा, मग दुरुस्त कुठून करायचा?

(काठवाचकाचे प्रश्न आणि चौघांची उत्तरं. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

काठवाचक

एका जुन्या सार्वजनिक उद्यानातल्या तळ्याचा काठ दुरुस्त करायचं घाटतंय. जुने नकाशे हाताशी नाहीत. पाण्याचं क्षेत्र साधारण २ हेक्टर, खोली दीड मीटरच्या आसपास. एका बाजूला सरळ दगडी भिंत, पाण्याच्या वर दीड मीटर. समोरचा काठ वळणावळणाचा आणि गवताळ. मध्ये छोटं बेट.

भिंत दोन ठिकाणी पाण्याकडे झुकली आहे आणि तिच्यामागची पायवाट खचते आहे. गवताळ काठ दरवर्षी थोडा थोडा ढासळतो. पाऊस थांबला की पाणी वाटतं त्यापेक्षा लवकर उतरतं.

प्रश्न तीन. हे तळं मुळात कसं तयार झालं असेल, हे जमिनीवरून ओळखता येतं का? पाणी मुरतंय की नुसतं उडून जातंय, हे कसं ठरवायचं? आणि तळं रिकामं करून, भिंत काढून सगळीकडे उतरता हिरवा काठ करावा अशी एक सूचना आहे, ती कितपत बरोबर?

वहिवाट

पहिली विनंती: तळं रिकामं करू नका. निदान आत्ता तरी नाही. काठ कशाचा आहे ते कळायच्या आधी पाणी काढलं तर भिंत, तळाची माती आणि भिंतीखालचा पाया या तिन्हींना इजा होऊ शकते. कारणं खाली येतीलच.

आता इतिहास. एक काठ सरळ आणि दुसरा वळणदार असेल तर ते बहुधा एकाच वेळचं काम नसतं, किंवा दोन्ही बाजूंचं काम तरी वेगळं असतं. लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये १६६० च्या दशकात दुसऱ्या चार्ल्स राजाने सरळसोट कालवा खणवला. १८२७ मध्ये जॉन नॅशच्या आराखड्यानुसार त्याच पाण्याचं वळणदार तळं झालं. आज पाहणाऱ्याला ते निसर्गाने दिल्यासारखं वाटतं. म्हणून वळणदार काठ दिसला की तळं नैसर्गिक, असा निष्कर्ष काढू नका. १८ व्या शतकापासून उद्यानरचनाकार मुद्दाम तसा काठ आखत आले आहेत. बेटही अनेकदा त्याच हेतूचं असतं: पाण्याचं टोक झाकायचं, म्हणजे पाणी पुढे वाहत गेल्याचा भास होतो.

जागेवर पाच गोष्टी तपासा.

सरळ भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जा आणि जमिनीची पातळी मोजा. बाहेरची जमीन तळ्याच्या पाण्यापेक्षा खाली असेल तर ती नुसती काठाची भिंत नाही, तो बांध आहे. म्हणजे ओढा अडवून तळं केलेलं आहे, आणि जुना सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) किंवा तळाचा पाइप त्याच बाजूला कुठेतरी असणार. हा निर्णय सगळ्यात आधी झाला पाहिजे, कारण बांधाला आणि काठाच्या भिंतीला लागणारी दुरुस्ती पूर्ण वेगळी असते.

खोदलेली माती कुठे गेली ते शोधा. २ हेक्टर गुणिले दीड मीटर म्हणजे ३०,००० घनमीटर. यंत्रं नसताना एवढी माती कोणी लांब वाहून नेत नसे. ब्रिटनमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुलं झालं. सार्वजनिक पैशातून सर्वांसाठी केलेल्या पहिल्या उद्यानांपैकी ते एक. जोसेफ पॅक्स्टनने तिथल्या दलदलीचा निचरा करून तळी खणली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे तळ्याभोवतीच रचले. तुमच्याकडे सपाट प्रदेशात अचानक टेकाड उठलेलं असेल तर तळं खोदलेलं आहे, असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येईल.

जुन्या झाडांचे बुंधे बघा. बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो रुंदावत गेलेला दिसला पाहिजे. खांबासारखा सरळ जमिनीत घुसला असेल तर तिथे नंतर भराव पडला आहे.

काठापासून ५ ते १० मीटर मागे हाताच्या गिरमिटाने दीड-दोन मीटरची तीन-चार भोकं घ्या. खाली काळी, वास येणारी, पालापाचोळ्याची माती लागली तर तिथे मूळची दलदल होती. विटा, काच, राख, कोळशाची खडी लागली तर कचऱ्याचा भराव. यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ नामांकित काठ भरावावर उभे आहेत. शिकागोत १८७१ च्या आगीनंतरचा ढिगारा मिशिगन सरोवराच्या काठाला टाकला आणि त्या भरावावर आज उद्यान आहे. सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमधली टेकडी पाडलेल्या बांधकामाच्या ढिगाऱ्यावर माती पसरून केलेली आहे. मात्र राख किंवा तेलकट माती लागली तर तपासणी होईपर्यंत तिथे खोदकाम नको.

आणि राखाडी-निळसर, एकजीव, साबणासारखी चिकट माती लागली तर गिरमिट तिथेच थांबवा. तो तळाला दिलेला चिकणमातीचा थर असू शकतो. तळ्याच्या आत तर भोक घ्यायचंच नाही.

शेवटचं, पाण्याचा स्रोत. लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळं १७३० च्या सुमारास वेस्टबोर्न ओढा अडवून केलं. १०० वर्षांत ओढा सांडपाण्याने इतका बिघडला की १८३४ मध्ये तो तळ्यापासून तोडावा लागला आणि पाणी उपसून आणणं सुरू झालं. तुमचं तळं 'लवकर उतरतं' याचा अर्थ गळती असेलच असं नाही. कधीकाळी जो ओढा ते भरत ठेवायचा तो आता गटारात वळवलेला असेल. वरच्या अंगाला कोरडी नाळ, बंद मोरी, गाडलेला पाइप आहे का ते बघा.

मातीगाभा

गळतीबद्दल. अंदाज बांधण्यापेक्षा दोन दिवसांची बादलीची चाचणी करा.

एक बादली पाण्यात पायरीवर किंवा खुंट्याला अशी बसवा की तिचा बराचसा भाग पाण्यात राहील. तळाशी दगड ठेवा. बादलीत तळ्याचंच पाणी भरा आणि आतली-बाहेरची पातळी एक करा. बादलीच्या आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण करा. येणारं-जाणारं पाणी बंद ठेवा, कारंजं असेल तर तेही बंद. ४८ तासांनी दोन्हींची घट मोजा. आतली घट म्हणजे बाष्पीभवन. बाहेरची घट त्याहून जेवढी जास्त, तेवढी गळती. बादली कोरड्या काठावर ठेवली तर ती जास्त तापते आणि आकडा चुकतो, म्हणूनच ती पाण्यात ठेवायची. मध्ये पाऊस आला तर चाचणी पुन्हा.

२ हेक्टरवर १ सेंमी म्हणजे २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. त्यामुळे मिलिमीटर नीट वाचा. दिवसाला दोन-तीन मिमीचा फरक किरकोळ दिसतो, पण रोजचे ४०-६० हजार लिटर जात असतात.

गळती कुठे आहे हे पाणीच सांगतं. रोज एकाच वेळी पातळी लिहा. पाणी भराभर उतरून एका उंचीला येऊन मंदावलं तर भोक त्याच पातळीच्या आसपास आहे: भिंतीचा सांधा, जुना पाइप, मुळाची पोकळी. पातळी काहीही असो, रोज साधारण सारखंच पाणी जात असेल तर संशय तळावर. तळ्याबाहेर सखल जागी कायम हिरवा राहणारा गवताचा पट्टा दिसला तर तिथून उलट्या दिशेने शोधा.

तळाला चिकणमातीचा थर असेल तर तो तुडवून केलेला असतो. ओली चिकणमाती १५ ते २० सेंमीच्या थरांत पसरायची, पायांनी किंवा जनावरं फिरवून मळायची, आतली हवा आणि ढेकळं मोडायची. असे थर चढवत ४५ ते ९० सेंमी जाडी, वर साध्या मातीचं आवरण. हा थर ओला असेपर्यंतच पाणी धरतो. तळं रिकामं करून महिनाभर उन्हात ठेवलं की त्याला भेगा पडतात, त्या भेगांत माती-कचरा शिरतो आणि पुन्हा पाणी भरल्यावरही त्या पूर्ण मिटत नाहीत. रिकामं करण्याआधी न गळणारं तळं भरल्यावर गळायला लागतं ते यामुळे.

ठिगळ लावायचं असेल तर खराब भाग चांगली माती लागेपर्यंत कापा, कडा पायऱ्यांसारख्या ठेवा, जुन्या मातीचा पृष्ठभाग खरवडून ओला करा आणि मग नवी माती १५ सेंमीच्या थरांनी तुडवत भरा. गुळगुळीत कडेला नवी माती नुसती थापली तर त्या सांध्यातूनच पाणी जातं. बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) वापरायचं तर ते वरच्या १०-१५ सेंमी मातीत मिसळून दाबावं लागतं. भरलेल्या तळ्यात पोती ओतून सहसा काही साधत नाही.

पायथा

आता भिंत. ती बहुतेक वेळा पाण्याच्या धक्क्याने पडत नाही, मागे अडकलेल्या पाण्याने पडते. पावसात मागची माती भिजते, तळ्याची पातळी मात्र उतरते, आणि आतला दाब बाहेरच्या दाबावर मात करतो. तळं घाईने रिकामं करणं धोक्याचं ते याच कारणाने. पातळी उतरवावीच लागली तर दिवसाला १० ते १५ सेंमीपेक्षा जास्त नको, आणि रोज भिंतीवर ओळंबा लावून झुकाव लिहायचा.

आणखी एक. जुन्या भिंतींखाली कधीकधी लाकडी खुंटांचा पाया असतो. कायम पाण्याखाली असलेलं लाकूड फार दीर्घकाळ टिकतं, हवा लागली की कुजायला लागतं. शिकागोच्या काठावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दगडी बांधकामाखाली असेच लाकडी खुंट होते. सरोवराची पातळी खाली गेल्यावर ते उघडे पडले, कुजले, आणि वरचे दगड खचत गेले.

पायवाट खचते आहे म्हणजे भिंतीच्या सांध्यांतून माती वाहून जाते आहे. जोराच्या पावसानंतर तासाभरात जाऊन बघा, सांध्यांतून गढूळ पाणी येत असेल तर खात्री झाली. यावर सरसकट होणारी चूक म्हणजे सगळे सांधे सिमेंटने भरून टाकणं. कोरड्या रचाईची, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता रचलेली भिंत सांध्यांतून पाणी सोडते म्हणूनच उभी असते. सांधे बुजवले की माती थांबते, पण पाणीही थांबतं आणि काही पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं.

बरोबर इलाज मागच्या बाजूने. ५-६ मीटरच्या टप्प्यांत, एकाआड एक, मागची माती उघडायची. भिंतीला लागून ३० सेंमी जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), आणि पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या जरा वर ७५ ते १०० मिमी व्यासाची निचरा भोकं, दर दीड ते दोन मीटरवर. मग माती १५ सेंमीच्या थरांत दाबून भरायची. सलग सगळी लांबी एकदम उघडली तर जे अजून उभं आहे तेही हलेल. पुढच्या बाजूला पाण्यात हात घालून किंवा काठीने पायथा चाचपा. तिथली माती धुपून पोकळी झाली असेल तर आधी तिथे दगड भरा, नाहीतर मागचं काम वाया जाईल.

भिंत काढून सगळीकडे उतार करण्याबद्दल माझं मत: सगळीकडे नको. साधा हिशोब करा. पाण्यावर दीड मीटर, पाण्याखाली किमान १ मीटर, म्हणजे अडीच मीटर उंची. १:४ उतार (१ मीटर उंचीला ४ मीटर आडवं) घेतला तर १० मीटर रुंदी लागते. ती मागून घ्यायची तर पायवाट आणि झाडं जातात, पुढून घ्यायची तर पाणी कमी होतं. जिथे १० मीटर मोकळे आहेत तिथेच उतार करा. १:२ चा उतार बसवून जागा वाचवायचा मोह होतो, पण त्यावर गवत कापता येत नाही, माणूस घसरला तर वर येता येत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात माती खाली येते.

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात २०१२ मध्ये २.७ किमीचा सरळ काँक्रीट नाला काढून त्याची सुमारे ३ किमीची वळणदार नदी केली. तिथे रुंदी मोकळ्या हाताने दिली: नाला १७ ते २४ मीटर रुंद होता, आता पुराच्या वेळी पाणी जवळपास १०० मीटरपर्यंत पसरू शकतं. आणि मुख्य काम सुरू करण्याआधी ६० मीटरच्या तुकड्यात काठ बांधायच्या वेगवेगळ्या पद्धती लावून पाहिल्या. तुम्हीही २०-३० मीटरचा तुकडा करा, एक पावसाळा जाऊ द्या, मग पुढचं ठरवा.

गवताळ काठासाठी क्रम असा. पायथा आधी, झाडं शेवटी. उलट केलं की झाडांसकट माती पाण्यात जाते.

पायथ्याला ३० सेंमी व्यासाचे काथ्याचे लोड. लोडाचा दोन तृतीयांश भाग नेहमीच्या पातळीखाली बसला पाहिजे. पूर्ण वर राहिला तर सुकतो आणि झाडं धरत नाही, पूर्ण बुडाला तर लाटा त्याच्यावरून जाऊन मागची माती नेतात. दोन्ही बाजूंनी दर ६० सेंमीवर मीटरभर लांबीचे खुंट, काथ्याच्या दोरीने आडवेतिडवे बांधलेले. दोन लोडांची तोंडं घट्ट भिडवून शिवायची. शेवटचं टोक काठात मीटर-दीड मीटर आत वळवून पुरायचं. हे टोक उघडं राहिलं की पाणी मागून शिरतं आणि संपूर्ण ओळ सुटते. फसलेल्या कामांत मला हेच कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मागे माती दाबून भरा, १:४ उतार द्या, वर काथ्याची विणलेली जाळी अंथरा, चौरस मीटरला ७०० ग्रॅम किंवा जाड. वरची कड ३० सेंमी खोल चरात पुरायची, पट्ट्या एकमेकींवर १५ सेंमी चढवायच्या. प्लास्टिकची जाळी नको, साप आणि पक्षी अडकतात, आणि ती वर्षानुवर्षं मातीतून डोकावत राहते. काथ्या दोन ते पाच वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी माती धरलेली असली पाहिजे.

पाण्याच्या कडेला ० ते ३० सेंमी खोलीच्या पट्ट्यात वेखंड, लव्हाळा. वरच्या उतारावर वाळा, ३० सेंमी अंतराने. वाळुंजाच्या फांद्या लावायच्या तर दोन-चार सेंमी जाडीच्या, ६० ते ९० सेंमी लांब, दोन तृतीयांश जमिनीत, डोळे वरच्या दिशेने. पाणकणीस मुद्दाम लावू नका. दीड मीटर खोलीच्या तळ्यात ते कडेचा सगळा उथळ पट्टा व्यापतं. पहिले सहा आठवडे पातळी स्थिर ठेवा, नाहीतर रोपं बुडतात. बदकं कोवळी रोपं उपटतात, म्हणून दोन हंगाम कुंपण हवंच.

वारा ज्या काठावर लांबून पाणी ढकलत आणतो तिथे मात्र नुसता काथ्या टिकत नाही. तिथे १५-३० सेंमीच्या दगडांचं पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं आवरण, आणि त्याखाली खडीचा किंवा जिओटेक्स्टाइलचा गाळणथर. थेट मातीवर दगड टाकले तर प्रत्येक लाटेबरोबर फटींतून माती निघून जाते आणि दगड बुडत जातात.

काठवाचक

फार उपयोगी. बाहेरची जमीन खरंच पाण्यापेक्षा सुमारे मीटरभर खाली आहे, म्हणजे सरळ बाजू बांधच दिसते. तिच्यावर मोठी झाडं आहेत, ती तोडायची का? आणि पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं, त्याचा काठाशी संबंध असतो का?

मातीगाभा

एकदम तोडू नका. मोठं झाड तोडल्यावर मुळं काही वर्षांत कुजतात आणि त्या जागी बांधातून आरपार पोकळ्या राहतात. त्यातून पाणी झिरपायला लागलं की माती वाहते आणि भोक वाढत जातं. उभं झाड वादळात मुळासकट उपटलं तर मात्र बांधाचा लचकाच निघतो. म्हणून नवीन झाडं बांधावर अजिबात लावायची नाहीत, बोटाएवढी उगवलेली लगेच काढायची, आणि मोठ्यांचा निर्णय एकेक झाड बघून, बांध जाणणाऱ्या अभियंत्यासोबत. तोपर्यंत बाहेरच्या पायथ्याला दर पंधरवड्याला चालत जा. ओल नवीन आहे का, पाणी स्वच्छ येतं की गढूळ, एवढं बघा. गढूळ आलं तर त्याच दिवशी पातळी हळूहळू उतरवायला घ्या आणि माणूस बोलवा.

गाळ-पाणी

हिरव्या पाण्याचा काठाशी संबंध आहे. ढासळलेली माती, पाचोळा, बदकांना टाकलेलं खाणं आणि त्यांची विष्ठा, लॉनवरचं खत, हे सगळं फॉस्फरस आणतं आणि तो तळाच्या गाळात साठतो. उथळ पाणी तापतं, गाळातला प्राणवायू संपतो, फॉस्फरस पुन्हा वर येतो. म्हणून बाहेरून येणारं बंद केल्यावरही दोन-तीन वर्षं पाणी हिरवं राहू शकतं. तेवढ्यात उपाय फसला असं ठरवून रसायनाकडे वळू नका. सगळी वनस्पती एकदम मारली तर ती कुजताना प्राणवायू खाते आणि पहाटे मासे मरतात. काढायची तर हाताने, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा कमी, आणि काढलेली काठावर सडत न ठेवता.

काठाच्या वर ३ ते ५ मीटरचा न कापलेल्या गवताचा पट्टा ठेवा, लॉनवरचं पाणी त्यातून गाळून येतं. पावसाचं पाणी जिथून आत येतं तिथे तळ्याच्या एकूण क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा वेगळा खोलगट करून मध्ये दगडी उंबरा घाला. गाळ तिथे बसतो. निम्मा भरला की तेवढाच उपसा. मात्र उपसताना तळाचा चिकणमातीचा थर खरवडू नका, यंत्रचालकाला खोलीची खूण केलेली काठी द्या.

वहिवाट

लागवडीआधी पाण्याची पातळी पुढे कोणाच्या हातात असणार ते पक्कं करा. बॉस्टनचं बॅक बे फेन्स हे याचं मोठं उदाहरण. १८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने सांडपाण्याने सडलेल्या खाडीची भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगणारी खारी दलदल म्हणून रचना केली, झाडं तशीच निवडली. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, भरती थांबली, पाणी गोडं झालं आणि ती लागवड टिकली नाही. मोकळ्या काठावर पुढे उंच बोरू माजला. आराखडा उत्तम होता, पण पाण्याचा नियमच बदलला.

तुमच्याकडे सांडव्याची उंची हाच तो नियम. त्या उंचीवरून काथ्याचे लोड, निचरा भोकं, उथळ पट्ट्याची खोली, पायवाटेची पातळी, सगळं ठरतं. पायवाट आणि बाकं मोठ्या पावसात चढणाऱ्या पातळीच्या वर घ्या, विजेच्या पेट्या त्याहून वर. खालची पाण्यालगतची वाट करायचीच तर खरबरीत पृष्ठभागाच्या काँक्रीटची, पाण्याकडे १ ते २ टक्के उताराची. पाणी मुरवणारे सच्छिद्र थर तिथे गाळाने बुजतात.

उद्याच करता येईल असं काम एकच. सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी सांडव्याजवळ, न हलणाऱ्या दगडाला पक्की बसवा आणि शून्य सांडव्याच्या माथ्याशी जुळवा. झुकलेल्या भिंतीला लावू नका, ती हलली तर सगळ्या नोंदी चुकतील. रोज सकाळी एक आकडा, शेजारी पाऊस मिमीमध्ये. बादलीची चाचणी, भिंतीचा ओळंबा, बांधाबाहेरची ओल, सगळं त्याच वहीत तारखेनिशी. एक पूर्ण पावसाळा आणि उन्हाळा त्या वहीत उतरल्यावरच लोड कोणत्या उंचीला बसवायचे ते ठरवा.